बंद शाखेतले संगणक रात्री सुरू करताना

आमची नागरी सहकारी बँक पश्चिम महाराष्ट्रातली. मुख्य कार्यालय शहरात, शाखा तालुक्याच्या गावांत आणि काही बाजारपेठेच्या खेड्यांत. आयटी विभागात माणसं मोजकी. माझ्याकडे शाखांमधल्या मशीनची देखभाल, म्हणजे विंडोजचे अपडेट, अँटिव्हायरस, पासबुक प्रिंटरचे ड्रायव्हर, सीबीएसच्या, म्हणजे बँकेचे व्यवहार चालवणाऱ्या कोअर बँकिंग प्रणालीच्या, क्लायंटची नवी आवृत्ती. यातलं काहीही करायचं तर मशीन चालू लागतं. आणि मशीन चालू असतं तेव्हा त्याच्यापुढे कॅशिअर बसलेला असतो, काउंटरपलीकडे पेन्शनवाल्यांची रांग असते. अशा वेळी पडद्यावर 'रीस्टार्ट करा' असं आलं की कॅशिअर 'नंतर' वर टिचकी मारणार, आणि त्याने तसंच करावं. संध्याकाळी डे-एंड झाला की सगळी मशीनं बंद. म्हणजे अपडेटला दिवसा जागा नाही आणि रात्री मशीन नाही.

हे असं चालू ठेवणं किती धोक्याचं आहे हे मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने दाखवलं. ज्या भोकातून तो घुसत होता ते बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता. हल्ला सुरू झाला १२ मेला. मधले दोन महिने ज्या मशीनवर पॅच चढला नाही ती उघडी राहिली. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचा तसाच व्हायरस आला आणि न्हावा शेवाच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. मग ऑगस्ट २०१८मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला, आणि ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून देणारं परिपत्रक काढलं. कोणत्या मशीनवर कोणता पॅच आहे याचा हिशेब ठेवणं हे आता ऐच्छिक राहिलं नव्हतं. आमच्या संचालक मंडळाच्या बैठकीत तो तक्ता मागितला गेला आणि त्यातल्या रिकाम्या चौकोनांवर मला उत्तर द्यायचं होतं.

पहिली सूचना आली ती सोपी होती: मशीनं रात्रभर चालूच ठेवा. मी एका काउंटरच्या मशीनला वीज मोजायचं मीटर लावलं. नुसतं बसून असलेलं मशीन मॉनिटर धरून चाळीस-पन्नास वॉट खात होतं, बंद केलं की एक-दीड वॉट. सगळ्या शाखा, सगळ्या रात्री, वर यूपीएसच्या बॅटऱ्यांवरचा ताण, उन्हाळ्यात बंद शटरमागची उष्णता. शिवाय बँकेतलं मशीन रात्रभर चालू ठेवणं मला सुरक्षेच्या दृष्टीनेही पटत नव्हतं. म्हणून मशीन बंदच राहू द्यायची, लागेल त्या रात्री मुख्य कार्यालयातून सुरू करायची, काम झालं की पुन्हा बंद करायची, असं ठरलं.

यासाठी लागणारं तंत्र जुनं आहे. १९९५च्या सुमारास एएमडीने त्याची मांडणी केली आणि 'वेक-ऑन-लॅन' या नावाने ते पसरलं. मशीन बंद असलं तरी पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला पाच व्होल्टची एक बारीक धार मिळत राहते. तिच्यावर नेटवर्क कार्ड अर्धवट जागं असतं आणि वायरवरून जाणारं प्रत्येक पॅकेट पाहत असतं. त्यात एक ठरावीक नक्षी सापडली, म्हणजे आधी सहा वेळा एफएफ हा बाइट आणि मग त्याच कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) सलग १६ वेळा, की कार्ड मदरबोर्डला इशारा देतं आणि मशीन सुरू होतं. सगळं मिळून १०२ बाइट. याला मॅजिक पॅकेट म्हणतात. ते पाठवणारी स्क्रिप्ट दहा-बारा ओळींत लिहून होते. पुढे जे काही महिने गेले ते त्या ओळींवर गेले नाहीत.

सुरुवात मॅक पत्त्यांपासून. आमच्याकडे मशीनची यादी होती, पण ती लेखा विभागाने घसाऱ्यासाठी ठेवलेली. त्यात खरेदीची तारीख, किंमत आणि 'काउंटर नं. २' एवढंच. कोणाचा मदरबोर्ड बदलला असेल तर त्याबरोबर मॅक पत्ताही बदललेला. काही ठिकाणी बोर्डावरचं कार्ड विजेच्या कडकडाटात गेलं म्हणून यूएसबीचं लॅन अडॅप्टर लावलेलं. ते अडॅप्टर मशीन बंद झालं की बहुतेक वेळा स्वतःही झोपतं, आणि उद्या दुसऱ्याच मशीनला लावलं तर पत्ता त्याच्याबरोबर जातो. म्हणून मी शाखेच्या राउटरवरून पत्ते गोळा केले, मशीनच्या नावांशी जुळवले, आणि जिथे जुळेना तिथे शाखेतल्या माणसाला फोनवरून मशीनच्या मागचा क्रमांक वाचायला लावला. हे कंटाळवाणं काम आहे, पण यादी चुकीची असेल तर पुढचं सगळं हवेत जातं.

मग बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम. इथे मी एक साधी खूण शिकले, ती कुणालाही उपयोगी पडेल. मशीन शटडाउन करा, मागे जा, आणि लॅनच्या खाचेतला दिवा बघा. दिवा लागलेला असेल तर कार्ड ऐकतंय. विझला असेल तर तुम्ही मॅजिक पॅकेट रात्रभर पाठवत बसलात तरी उपयोग नाही. आमच्या निम्म्याअधिक मशीनवर तो विझायचा. कारण युरोपीय संघाच्या नियमात सापडलं. तिथे २०१३पासून बंद उपकरणाने अर्ध्या वॉटहून जास्त वीज घेऊ नये असा दंडक आहे, म्हणून मदरबोर्ड बनवणारे 'ईआरपी' किंवा 'डीप स्लीप' नावाची सोय देतात, आणि ती चालू असली की कार्डाची वीजच तोडली जाते. वीज वाचवण्याचा हेतू चांगलाच आहे. पण आमच्या कामासाठी ती सोय बंद करावी लागली, आणि बायोस दूरून उघडता येत नाही. शाखेत जाऊन, एकेक मशीन उघडून, पासवर्ड घालून. कुठे एसटीने, कुठे बँकेच्या गाडीने कॅशबरोबर. त्याच फेरीत दोन शाखांमध्ये सडलेल्या क्रिम्पिंगच्या वायरी बदलल्या, तेवढं एक बरं झालं. मुख्य कार्यालयात वेगळीच गंमत निघाली. काही मशीनचा दिवा ईआरपी बंद करूनही विझत होता. बंद मशीनचं कार्ड वीज वाचवायला १० मेगाबिटवर उतरतं, आणि आमच्या स्विचवर त्या पोर्टचा वेग १०० वर जखडलेला होता. दोघांची गाठच पडेना. पोर्ट 'ऑटो'वर टाकल्यावर दिवा राहिला.

विंडोजने सर्वांत जास्त वेळ घेतला. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं आहे. आपण शटडाउन म्हणतो तेव्हा विंडोज पूर्ण बंद होतच नाही. गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं म्हणजे सकाळी लवकर उठता येईल. अशा अर्धवट बंद अवस्थेत ते नेटवर्क कार्डाला जागं करण्यासाठी तयार ठेवत नाही. रोज संध्याकाळी बंद होणाऱ्या मशीनचा टास्क मॅनेजर उघडला तर 'अप टाइम' कित्येक दिवसांचा दिसतो, तो यामुळेच. आम्ही ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमधून, विंडोजच्या रजिस्ट्रीत 'हायबरबूट-एनेबल्ड'चा आकडा शून्य केला. सकाळी मशीन उघडायला थोडा वेळ जास्त लागू लागला आणि दोन शाखांमधून तक्रार आली. मी त्यांना कारण समजावून सांगितलं, त्यांनी मान्य केलं. त्यानंतर ड्रायव्हर. एकाच कंपनीच्या कार्डाला एका आवृत्तीत 'शटडाउन वेक-ऑन-लॅन' नावाची ओळ असते, दुसरीत नसते. विंडोजने परस्पर चढवलेला ड्रायव्हर काढून मदरबोर्डच्या कंपनीचा घातला की ती ओळ दिसू लागते. आणि पॉवर मॅनेजमेंटच्या खिडकीतली 'फक्त मॅजिक पॅकेटनेच जागं करा' ही खूण न विसरता करायची. ती नसेल तर झोपलेलं मशीन त्याच्या नावाची साधी चौकशी आली तरी उठून बसतं. कोण कशामुळे उठलं ते पाहायला विंडोजच्या 'पॉवरसीएफजी' या आज्ञेला 'लास्टवेक' जोडून विचारायचं. उत्तर बहुतेक वेळा स्पष्ट मिळतं.

एक कोडं मात्र मला फार आवडलं. संध्याकाळी मशीन बंद करून लगेच चाचणी घेतली की ते उठायचं, आणि त्याच मशीनला रात्री उशिरा पाठवलं की हूं की चूं नाही. बंद मशीनला आयपी पत्ता धरून ठेवणारं कुणी नसतं. राउटरला थोडा वेळ आठवत असतं की या आयपीमागे हा मॅक आहे, स्विचलाही आठवत असतं की हा मॅक या पोर्टवर आहे. बहुतेक स्विच ही आठवण ३०० सेकंद ठेवतात. ती पुसली की नाव घालून पाठवलेलं पॅकेट पोचणार कुठे? म्हणून मॅजिक पॅकेट एकाच्या नावाने पाठवत नाहीत, त्या नेटवर्कमध्ये दवंडी पिटतात, आणि ज्याचा मॅक आहे तो ऐकतो.

पण दवंडी वेशीबाहेर जात नाही. राउटर ती पुढे सरकवत नाहीत, आणि तेही मुद्दाम. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी 'स्मर्फ' नावाचा हल्ला गाजला होता: खोट्या पत्त्याने एका नेटवर्कला दवंडी पाठवायची आणि तिथल्या सगळ्या यंत्रांची उत्तरं तिसऱ्याच्या अंगावर घालायची. म्हणून १९९९मध्ये आरएफसी २६४४ या इंटरनेटच्या नियमपत्राने सांगितलं की बाहेरून येणारी अशी दवंडी राउटरने मुळातच अडवावी. आमच्या मुख्य कार्यालयातल्या मजल्यांसाठी मी ती सोय फक्त एका सर्व्हरपुरती, फक्त यूडीपीच्या ९ क्रमांकाच्या पोर्टपुरती उघडली आणि बाकी सगळं बंद ठेवलं. शाखांना मात्र तो दरवाजा द्यायचाच नव्हता. तिथे आम्हाला आधीपासून बसवलेल्या मायक्रोटिक राउटरचा उपयोग झाला. त्यांच्यात मॅजिक पॅकेट पाठवायची आज्ञा आतच आहे. मुख्य कार्यालयातला सर्व्हर व्हीपीएनमधून, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीतून, राउटरला सांगतो, आणि राउटर शाखेच्या आतच पॅकेट सोडतो.

इथपर्यंत सगळं तांत्रिक होतं आणि ते सुटत गेलं. मुख्य कार्यालयात सगळी मशीनं उठू लागली. शाखांत एकही उठेना.

कारण शाखेत रात्री वीजच नव्हती. शटर ओढायच्या आधी शिपाई मेन पाडतो. सीसीटीव्ही, अलार्म आणि राउटरची लाइन वेगळी, ती चालू राहते. बाकी सगळं, यूपीएससकट, बंद. आणि हा कुणाचा लहरीपणा नव्हता. बँकेचंच जुनं परिपत्रक होतं, शाखा बंद करताना मुख्य विद्युतपुरवठा बंद करावा. एका शाखेत मी तिथल्या मामांशी बोलले. पंचवीसेक वर्षं त्यांनी त्या शाखेची कुलपं लावली आहेत. ते म्हणाले, "मॅडम, शेजारचं कापडदुकान रात्रीत खाक झालंय शॉर्टसर्किटनं. आपल्या भिंतीला धग लागलेली मी हातानं बघितलीय. मेन पाडल्याशिवाय मला घरी झोप न्हाई लागत." यावर पाच व्होल्टच्या धारेची गोष्ट सांगून काय होणार? त्यांना भीती आगीची होती आणि ती खरी होती.

म्हणून मी आयटीचा विषय बाजूला ठेवून इलेक्ट्रिशियनला घेऊन शाखा बघायला लागले. प्रत्येक शाखेचा डिस्ट्रिब्युशन बोर्ड उघडला. एका शाखेत यूपीएसच्या लाइनचा स्क्रू ढिला होऊन वायरचं टोक काळं पडलेलं निघालं. दुसरीकडे यूपीएसच्या बॅटऱ्या फुगलेल्या होत्या, बाहेरून खोक्यात काही कळत नव्हतं. मामांची शंका कागदावर आली. वरिष्ठांना मी अहवाल दिला तो याच क्रमाने: आधी वायरिंग, मग बाकीचं. जोड घट्ट केले, बॅटऱ्या बदलल्या, एसी, पंखे, दिवे एका एमसीबीवर आणि संगणकांची यूपीएस लाइन दुसऱ्यावर काढली, गळती पकडणारं आरसीसीबी बसवलं. त्यानंतर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या सहीने नवं परिपत्रक निघालं: रोज रात्री पूर्वीप्रमाणेच मेन पाडावा; महिन्यातून एक रात्र, कळवलेल्या तारखेला, फक्त संगणकांची लाइन चालू ठेवावी. बोर्डावर त्या एमसीबीला हिरवी पट्टी चिकटवली. त्या संध्याकाळी शाखाधिकाऱ्यांना आणि कुलूप लावणाऱ्या माणसाला, दोघांनाही आमच्याकडून फोन जातो. निरोपाचा मेसेज पुरत नाही. फोन लागतो.

महिन्यातली रात्र कोणती, हे ठरवताना बँकेचं वेळापत्रक कामी आलं. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे रात्री साडेदहाला, हिवाळ्यात साडेअकराला. २०१५च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. मंगळवार आणि चौथा शनिवार यांच्यामध्ये अकरा किंवा अठरा दिवस मिळतात. तेवढ्यात मुख्य कार्यालयातल्या थोड्या मशीनवर पॅच चढवून पासबुक प्रिंटर छापतोय, सीबीएस उघडतंय, स्कॅनर चेक वाचतोय हे पाहून घेता येतं. मग चौथ्या शनिवारच्या आधीच्या शुक्रवारी रात्री सगळ्या शाखा. काही बिघडलंच तर दुरुस्तीला शनिवार-रविवार हाताशी असतात. एखाद्या भोकाचा गैरवापर सुरू झाल्याची बातमी असेल तर मात्र वाट पाहत नाही. तेव्हा त्याच आठवड्यात फोन करतो.

अशी पहिली रात्र मला नीट आठवते. आम्ही शाखा एकेक करून घेतली. शाखेतली मशीनंही एकदम उठवत नाही. आधी एक, मग पाच-पाच मिनिटांनी बाकीची. यूपीएसवर सगळा भार एका क्षणात येऊ नये हे एक कारण, आणि शाखेची लाइन अरुंद असते हे दुसरं. पहिलं मशीन अपडेट उतरवून घेतं, बाकीची ते त्याच्याकडून शाखेतल्या शाखेत घेतात. मॅजिक पॅकेटला पोच नसते. ते पोचलं की नाही हे विचारायची सोयच नाही, म्हणून प्रत्येक मशीनला तीनदा पाठवतो आणि दोन मिनिटांनी पिंग करून, म्हणजे मशीन उत्तर देतंय का असं विचारून, पाहतो. स्क्रीनवर एकेक नाव हिरवं होत गेलं तेव्हा माझ्याबरोबर बसलेला सहकारी खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. दोघांनाही इतका आनंद झाला की चहा गार झाला ते कळलं नाही.

मग फोन आला. एका शाखेच्या रखवालदाराला शटरच्या फटीतून आत निळा उजेड दिसला होता. शाखा बंद, कुलूप शाबूत आणि आत काहीतरी चालू. त्याने शाखाधिकाऱ्यांना उठवलं, ते गाडी काढून यायला निघाले होते. रखवालदाराने अगदी योग्य तेच केलं होतं आणि मी त्याला फोनवर तसं सांगितलं. तेव्हापासून त्या संध्याकाळच्या फोनच्या यादीत रखवालदारांची नावं घातली आणि निघताना मॉनिटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायची सूचनाही.

सुरक्षेचा प्रश्न लेखापरीक्षकांनी विचारला, तो विचारायलाच हवा होता. मॅजिक पॅकेटला ओळखपाळख काही नसते. मॅक माहीत असलेला आणि त्याच नेटवर्कमध्ये असलेला कोणीही मशीन उठवू शकतो. काही कार्डांत पासवर्डची सोय आहे, पण तो पासवर्ड उघडाच जातो, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. मशीन उठलं म्हणजे आत शिरता आलं असं होत नाही, लॉगिन तसंच राहतं. तरी आम्ही पाठवणारा सर्व्हर एकच ठेवला, प्रत्येक पॅकेटची नोंद ठेवली, आणि नेमलेल्या रात्रीखेरीज कुठलं मशीन उठलं तर सकाळी त्याची चौकशी होते. अधिकाऱ्यांचे लॅपटॉप या व्यवस्थेतून वगळले. ते वायफायवर असतात, आणि त्यांच्या डिस्कला बिटलॉकर या कुलपाचा पिन आहे. उठवलं तरी पिनच्या पडद्यावर थांबून राहतात.

सगळं जमलं असं नाही. रात्री गावातली वीज यूपीएसच्या बॅटरीपेक्षा जास्त वेळ गेली तर बऱ्याच मशीनची कार्डं पुन्हा ऐकूच लागत नाहीत, जोवर ते मशीन एकदा हाताने सुरू करून बंद केलं जात नाही. बायोसमध्ये 'वीज आली की सुरू हो' असं ठेवता येतं, पण पावसाळ्यात तासात चार वेळा वीज ये-जा करणाऱ्या गावात मशीनने चार वेळा उठून पडावं हे मला नको होतं. अशी मशीनं यादीत लाल राहतात आणि सोमवारी दुपारच्या जेवणाच्या वेळेत शाखेतले लोक ती आमच्याशी फोनवर बोलत पूर्ण करतात. त्यांना आता कारण माहीत आहे, म्हणून करतात.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपणार म्हणून आम्ही बरीच मशीनं बदलली, आणि बायोसपासून ड्रायव्हरपर्यंतचं काम नव्याने समोर आलं. या वेळी खरेदीच्या अटींतच लिहिलं: मशीन देताना ईआरपी बंद, वेक-ऑन-लॅन चालू, आणि प्रत्येक मशीनचा मॅक पत्ता अनुक्रमांकासह एक्सेलमध्ये. माल उतरवून घेताना पुरवठादाराच्या माणसासमोर मशीन शटडाउन करून मागचा दिवा पाहतो, मगच चलनावर सही.

एक शाखा अजून बाकी आहे. ती भाड्याच्या जागेत आहे, मीटर घरमालकाच्या नावावर, आणि मेन त्यांच्या जिन्याखाली. रात्री ते पूर्ण इमारतीचा मेन स्वतः पाडतात, आणि जागा त्यांची असल्यामुळे आमचं परिपत्रक तिथे लागू होत नाही. बँकेच्या नावावर स्वतंत्र मीटर घ्यायचं ठरलं आहे. घरमालकांनी ना हरकत पत्र दिलं, अर्ज महावितरणकडे गेला आहे. तोवर त्या शाखेत चौथ्या शनिवारी मी जाते.